लसूण बाटलीत : गोळी, तेल, अर्क आणि भुकटी यांचे परीक्षण

लसणापासून केलेली पूरक उत्पादने दुकानात एकाच कप्प्यात मांडलेली असतात आणि जवळजवळ प्रत्येक बाटलीवर पांढऱ्याशुभ्र गड्ड्याचे तेच चित्र असते. त्यामुळे घेणाऱ्याची अशी समजूत होते की आत सगळीकडे एकच वस्तू आहे आणि फरक असलाच तर तो गोळ्यांच्या संख्येचा किंवा कंपनीच्या नावाचा. प्रत्यक्षात सुकवलेल्या भुकटीची गोळी, वाफेने काढलेल्या तेलाची कॅप्सूल, वनस्पती तेलात मुरवलेल्या लसणाची कॅप्सूल आणि कित्येक महिने जुनवलेला अर्क या चार वस्तू रसायनाच्या दृष्टीने एकमेकींपासून इतक्या दूर आहेत की एकीत मुख्य असलेले द्रव्य दुसरीत औषधालाही सापडत नाही. या चारही प्रकारांच्या बाटल्या मी उघडून, हुंगून, विरघळवून आणि काही काळ नियमाने घेऊन पाहिल्या आहेत. उत्पादकांची नावे मुद्दामच दिलेली नाहीत. परीक्षण प्रकारांचे आहे, आणि एखादी बाटली चांगली की वाईट हे तिच्यावरचे नाव झाकूनही ठरवता येते, असे माझे मत आहे.

उत्पादनांकडे वळण्याआधी मूळ वनस्पतीबद्दल थोडे सांगणे भाग आहे, कारण लसणाचे औषधी द्रव्य लसणात नसतेच. अख्ख्या, न दुखावलेल्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्या साठवणीच्या पेशींत अ‍ॅलिइन नावाचे गंधकयुक्त, गंधहीन अमिनो आम्ल असते, आणि अ‍ॅलिनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, शेजारच्या वेगळ्या पेशींच्या रसधानीत कोंडलेले असते. पाकळी ठेचली, चिरली किंवा चावली की पेशी फुटतात, या दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांतच अ‍ॅलिसिन तयार होऊ लागते. नाकात झिणझिण्या आणणारा तो वास आणि जिभेवरचा तो जाळ अ‍ॅलिसिनचा. कीड आणि बुरशी यांच्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी गड्ड्याने केलेली ही व्यवस्था आहे. हल्ला होईपर्यंत दारूगोळा वेगळा आणि काडी वेगळी.

तयार झालेले अ‍ॅलिसिन फार काळ टिकत नाही. उष्णतेने, काळाने आणि आजूबाजूच्या द्रावकाच्या प्रकृतीने ते मोडते आणि त्यातून डायअलाइल डायसल्फाइड, डायअलाइल ट्रायसल्फाइड, व्हिनाइलडायथिइन, अ‍ॅजोइन अशी निरनिराळी संयुगे होतात. शोधांचा क्रमही या नाजूकपणामुळे उलटा झाला. जे टिकाऊ ते आधी सापडले : १८४४ मध्ये व्हेर्टहाइम या रसायनशास्त्रज्ञाने लसणातून वाफेने तेल काढून त्याचा अभ्यास केला आणि १८९२ मध्ये झेमलर याने त्या तेलातले प्रमुख संयुग डायअलाइल डायसल्फाइड असल्याचे दाखवले. अ‍ॅलिसिन हाती लागायला १९४४ साल उजाडावे लागले. अमेरिकेत चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली यांनी उष्णता टाळून, अल्कोहोलच्या साहाय्याने ते वेगळे केले आणि त्याची जिवाणूनाशक शक्ती मोजली. त्यानंतर १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे आर्थर श्टोल आणि एवाल्ड झेबेक यांनी अ‍ॅलिइन शोधून काढले आणि विकराच्या क्रियेचा उलगडा केला. आजच्या बाटल्यांचे प्रकारही याच टप्प्यांना धरून आहेत : काहींत अ‍ॅलिइन आणि विकर ही जोडी सुकवून ठेवलेली असते, तर काहींत अ‍ॅलिसिन मोडल्यावर उरलेली संयुगे असतात. स्वतः अ‍ॅलिसिन बाटलीत भरून ठेवणे मात्र फार अवघड आहे. म्हणून लेबलवर नुसते ‘अ‍ॅलिसिन’ असे छापलेले दिसले की पुढचा मजकूर जरा अधिक सावधपणे वाचावा.

सर्वाधिक विकली जाणारी आणि सर्वाधिक फसवी वस्तू म्हणजे भुकटीची गोळी, म्हणून तिच्यावर मी अधिक वेळ घालवला. पाकळ्यांच्या चकत्या करून त्या मंद आचेवर सुकवतात आणि दळतात. चकती कापताना कडेच्या थोड्या पेशी फुटून तेवढे अ‍ॅलिसिन वाया जाते, पण आतले अ‍ॅलिइन आणि विकर दोन्ही कोरड्या अवस्थेत शाबूत राहतात. पाणी लागेपर्यंत ती भुकटी झोपलेली असते आणि पोटात ओली झाली की ठेचलेल्या लसणात जे घडते तेच तिच्यात घडते. कल्पना उत्तम आहे. अडचण अशी की विकर हे प्रथिन आहे आणि प्रथिनाचे नखरे फार असतात. सुकवताना तापमान साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ते निकामी होऊ लागते. जठरातल्या तीव्र आम्लात ते कायमचे निष्क्रिय होते, आणि गोळी बांधण्यासाठी घातलेली काही पूरक द्रव्येही त्याला मारक ठरतात.

जठरातील आम्लावर तोड म्हणून उत्पादकांनी आतड्यात विरघळणारे आवरण आणले. त्याला एन्टेरिक कोटिंग म्हणतात आणि बहुतेक महाग बाटल्यांवर त्याचा उल्लेख ठळक अक्षरांत असतो. हे आवरण खरे की नुसते नावाचे, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एक गोळी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर ठेवायची. आवरण खरे असेल तर ती फुगत नाही, तडकत नाही आणि द्रवाला रंग येत नाही. नंतर तीच गोळी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात टाकायची आणि मधूनमधून हलवायची. आता तिने विरघळायला हवे. मी तपासलेल्या आवरणाच्या गोळ्या व्हिनेगरच्या परीक्षेत व्यवस्थित टिकल्या, पण सोड्याच्या पाण्यात त्यांचे वागणे सारखे नव्हते. एकीचे आवरण पापुद्र्यासारखे सुटून आतली भुकटी पाण्यात पसरली. दुसरी मात्र बराच वेळ गेल्यावरही गुळगुळीत खड्यासारखी तळाशी बसून होती, आणि चमच्याने दाबल्यावर तिचा गाभा कोरडाच निघाला. अशी गोळी आतड्यातून तशीच पुढे सरकण्याची शक्यता मोठी, मग तिच्यात कितीही उत्तम भुकटी असो.

दुसरी परीक्षा आणखी सोपी आहे. गोळी सुरीने दोन भाग करून फोडायची, आतली भुकटी बशीत खरवडून घ्यायची आणि तिच्यावर चार थेंब पाणी टाकायचे. कोरडी असताना तिला सुकवलेल्या मसाल्याच्या डब्यासारखा बोथट वास असतो. विकर जिवंत असेल तर पाणी लागल्यावर थोड्याच वेळात तो वास धारदार होतो, नुकत्याच ठेचलेल्या पाकळीची आठवण देतो आणि बशीवर वाकले तर डोळ्यांना जाणवतो. विकर मेलेले असेल तर ओला लगदा होतो आणि बाकी काही होत नाही. ही मोजमापाची पद्धत नव्हे हे खरे, पण जी गोळी बशीत जागी होत नाही ती आतड्यात जागी होईल अशी आशा कशाच्या बळावर धरायची?

काटेकोर मोजमाप लॅरी लॉसन या संशोधकाने केलेले आहे आणि लसणाच्या उत्पादनांविषयी लिहिताना त्याला वळसा घालता येत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आवरणाच्या गोळ्यांच्या २४ ब्रँडची विरघळण्याची प्रमाणित चाचणी झाली. आवरण सगळ्यांचे परिणामकारक होते, तरीही एक ब्रँड सोडता सर्वांकडून अ‍ॅलिसिन कमीच सुटले, आणि ८३ टक्के ब्रँडनी आपल्या क्षमतेच्या १५ टक्क्यांहूनही कमी अ‍ॅलिसिन दिले. कारणे दोन आढळली : गोळीतील पूरक द्रव्यांमुळे मंदावलेले विकर आणि फार सावकाश फुटणारी गोळी. लेबलवरचा ‘अ‍ॅलिसिन पोटेन्शियल’ हा शब्दप्रयोग या पार्श्वभूमीवर वाचावा. त्याचा अर्थ, परिस्थिती सर्वथा अनुकूल असेल तर इतके अ‍ॅलिसिन होऊ शकेल, एवढाच. परिस्थिती अनुकूल करण्याची हमी त्यात कोणी दिलेली नसते. ‘अ‍ॅलिसिन यील्ड’ किंवा ‘अ‍ॅलिसिन रिलीज’ असा उल्लेख असेल, आणि तोही प्रमाणित चाचणीनुसार मोजलेला असेल, तर त्याला काही वजन आहे.

लॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुढच्या अभ्यासाने या चित्राला आणखी एक वळण दिले. या वेळी मोजमाप काचेच्या भांड्यात न करता माणसांच्या श्वासात केले गेले. अ‍ॅलिसिन शरीरात गेल्यावर त्याचे अलाइल मिथाइल सल्फाइड होते, ते रक्तातून फुप्फुसांत येते आणि उच्छ्वासात मोजता येते. त्यावरून असे दिसले की आवरण नसलेल्या साध्या गोळ्या उत्तम कामगिरी करतात आणि जवळजवळ ठेचलेल्या कच्च्या लसणाची बरोबरी करतात. आवरणाच्या गोळ्यांची कामगिरी मात्र कमी-अधिक होती आणि भरपूर प्रथिने असलेल्या जेवणासोबत घेतल्यास ती आणखी घसरत होती. साध्या गोळीला जेवणाचा आधार मिळतो : अन्नामुळे जठरातील आम्लता काही काळ सौम्य होते आणि तेवढ्या अवधीत लवकर फुटणारी गोळी आपले काम उरकते. म्हणजे ज्या आवरणासाठी ग्राहक अधिक पैसे मोजतो, ते अनेकदा अडथळाच ठरते. याच अभ्यासात उकडलेल्या आणि भाजलेल्या लसणातूनही थोडे अ‍ॅलिसिनसमान द्रव्य शरीराला मिळते असे दिसले, म्हणजे विकर मेल्यावर सगळेच संपते असेही नाही. माझ्या अनुभवातही आवरण नसलेली गोळी जेवणाच्या मध्यावर घेतल्यास श्वासाला वास लवकर आणि निःसंशय आला. घरच्यांना तो आवडला नाही, पण परीक्षकाला एवढा पुरावा पुरे.

भुकटीच्या बाटलीवरील आकड्यांचे गणितही एकदा मांडून पाहावे. युरोपीय औषधकोशानुसार लसणाच्या भुकटीतून किमान ०.४५ टक्के अ‍ॅलिसिन मिळायला हवे. म्हणजे ३०० मिलिग्रॅमच्या गोळीतून सुमारे १.३५ मिलिग्रॅम. अनेक वैद्यकीय चाचण्यांत वापरलेल्या प्रमाणित भुकटीची ग्वाही ०.६ टक्क्यांची होती, म्हणजे तेवढ्याच गोळीतून १.८ मिलिग्रॅम, आणि रोजची मात्रा ९०० मिलिग्रॅम भुकटीपर्यंत जात असे. एखाद्या बाटलीवर ‘५००० मायक्रोग्रॅम अ‍ॅलिसिन’ असे दिसले तर दचकून जाऊ नये, ते पाचच मिलिग्रॅम आहेत. मोठा आकडा दिसावा म्हणून एकक लहान करण्याची ही क्लृप्ती इतकी सर्रास चालते की आता तिचा राग येण्याऐवजी गंमत वाटते.

आता तेल. वाफेने काढलेल्या तेलात अ‍ॅलिसिन नसते, कारण वाफेच्या उष्णतेने ते मोडून डायअलाइल डायसल्फाइड, ट्रायसल्फाइड आणि त्यांच्या नात्यातली इतर संयुगे झालेली असतात. ही संयुगे टिकाऊ आहेत, त्यांचे स्वतंत्र जैविक परिणामही आहेत, आणि कॅप्सूल फोडली तर बोटाला चिकटणारा उग्र वास साबणाने दोनदा धुतल्यावरही जात नाही. त्यामुळे या प्रकाराला मी निरुपयोगी म्हणणार नाही. आक्षेप आहे तो मात्रेच्या मांडणीवर. लसणातून निघणाऱ्या अशा तेलाचे प्रमाण फारच थोडे, ताज्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत असते. म्हणून ‘१००० मिलिग्रॅम लसणाच्या तोडीची’ असे म्हणवणाऱ्या कॅप्सूलमध्ये प्रत्यक्ष लसणाचे तेल दोन-तीन मिलिग्रॅम असते आणि बाकी सगळे साधे वनस्पती तेल. उत्पादक खोटे बोलत नाही, पण १००० हा आकडा समोर, मोठ्या टंकात असतो आणि २ किंवा ३ हा आकडा पाठीमागे, जिथे बाटलीची कड वळते तिथे. तोडीची म्हणजे कशाच्या तोडीची, हा प्रश्नही उरतोच. गड्ड्यात असलेले अ‍ॅलिइन, प्रथिने, पाण्यात विरघळणारी इतर गंधकसंयुगे यांपैकी काहीही तेलात आलेले नसते.

तेलात मुरवलेल्या लसणाच्या कॅप्सूलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ठेचलेला लसूण वनस्पती तेलात राहू दिला की अ‍ॅलिसिनचे रूपांतर व्हिनाइलडायथिइन आणि अ‍ॅजोइनमध्ये होते. प्रयोगशाळेत रक्तबिंबिकांना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना, एकत्र चिकटू न देण्याचा गुण अ‍ॅजोइनने दाखवला आहे, पण बाजारातल्या अशा कॅप्सूलमध्ये त्याचे प्रमाण किती, हे मी पाहिलेल्या लेबलवर कुठेच लिहिलेले नव्हते. अशी वस्तू घ्यावी असे मला वाटत नाही. ती घरी करू पाहणाऱ्यांना मात्र एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. लसणाचा गड्डा जमिनीखाली वाढतो आणि मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू त्याला चिकटलेले असू शकतात. तेलाखाली हवा नसते, आम्ल नसते, आणि बाटली खोलीच्या तापमानाला ठेवली तर या जिवाणूला हवे तसे घर आयते मिळते. कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९८५ मध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणातून ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे या जिवाणूच्या विषाने होणारा घातक आजार, झाला होता. पुढे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा उत्पादनांत आम्ल किंवा तत्सम रक्षक द्रव्य घालणे १९८९ मध्ये बंधनकारक केले. वासावरून किंवा चवीवरून हे विष ओळखू येत नाही, तेव्हा घरचे तेल करायचेच तर थोडे करावे, शीतकपाटात ठेवावे आणि लवकर संपवावे.

चौथा प्रकार जुनवलेल्या अर्काचा. यात चिरलेला लसूण पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात वीस महिन्यांपर्यंत मुरत ठेवतात. या काळात तिखट, अस्थिर संयुगे नाहीशी होतात आणि एस-अलाइल सिस्टाइन हे पाण्यात विरघळणारे, स्थिर, जवळजवळ गंधहीन द्रव्य वाढत जाते. हे द्रव्य तोंडावाटे घेतल्यावर चांगले शोषले जाते आणि रक्तात मोजता येते, त्यामुळे बाटलीत किती भरले आणि शरीरात किती गेले याचा हिशेब या प्रकारात तुलनेने सरळ लागतो. चारही प्रकारांत पोटाला सर्वांत सोसले ते हेच. भुकटीच्या गोळीनंतर येणारी आंबट, लसणाची ढेकर येथे आली नाही. मात्र ज्याला ठेचलेल्या लसणाची रसायने हवी आहेत त्याच्यासाठी ही वस्तू नव्हे. अ‍ॅलिसिन हिच्यात नाही, विकर नाही, आणि ते असल्याचा दावा चांगला उत्पादक करीतही नाही. लेबलवर एस-अलाइल सिस्टाइनचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये दिलेले असेल तरच बाटली उचलावी. नुसते ‘गंधहीन लसूण’ एवढेच लिहिलेले असेल तर ती जुनवलेली आहे, की उकडून वास घालवलेली भुकटी आहे, हे कळायला मार्ग राहत नाही. सध्या बोलबाला असलेला काळा लसूण याच कुळातला आहे. अख्खे गड्डे उबदार, दमट हवेत काही आठवडे ठेवून तो करतात. त्याची गोड, चिकट पाकळी खायला छान लागते, आणि औषध म्हणून तिच्याकडे पाहण्यापूर्वी मी अधिक पुरावा मागेन.

या सगळ्याचा शरीरावर परिणाम काय, याची चर्चा उत्पादनाच्या परीक्षणात टाळता येत नाही. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत सर्वांत स्वच्छ उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दिले. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणवले जाणारे, कोलेस्टेरॉल मध्यम प्रमाणात वाढलेल्या १९२ प्रौढांना चार गटांत विभागून कच्चा लसूण, भुकटीची गोळी, जुनवलेला अर्क किंवा औषध नसलेली दिखाऊ गोळी (प्लासिबो) सहा महिने, आठवड्यातले सहा दिवस देण्यात आली. मात्रा सुमारे एका पाकळीएवढी होती. उत्पादनांची रासायनिक तपासणी चाचणीच्या काळात होत राहिली, त्यामुळे गोळीच निकृष्ट होती ही सबब येथे चालत नाही. एकाही गटात एलडीएल अर्थपूर्ण प्रमाणात उतरले नाही. कच्चा लसूणही निष्प्रभ ठरला, हे विशेष. त्यामुळे ‘कोलेस्टेरॉलसाठी’ असे ठळकपणे लिहिलेली बाटली मी आता हातातही घेत नाही.

रक्तदाबाचे चित्र थोडे आशादायक आहे. उच्च रक्तदाब असलेल्या लोकांवरील चाचण्यांचे जे एकत्रित विश्लेषण २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात वरचा दाब दिखाऊ गोळीच्या तुलनेत सरासरी आठ अंकांच्या आसपास उतरलेला आढळला. रक्तदाब मुळात सामान्य असलेल्यांत असा लक्षणीय फरक दिसला नाही. चाचण्या लहान होत्या, त्यांतली उत्पादने वेगवेगळी होती, आणि हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू टळतो असे त्यांतून सिद्ध होत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून लसणाची सुरू करणे हा शुद्ध अविचार ठरेल. सर्दीच्या बाबतीत २००१ मधल्या एका चाचणीचा दाखला वारंवार दिला जातो : १४६ जणांना बारा आठवडे अ‍ॅलिसिनयुक्त कॅप्सूल किंवा दिखाऊ कॅप्सूल दिली असता पहिल्या गटात २४ आणि दुसऱ्यात ६५ वेळा सर्दी झाली. आकडे मोहक आहेत. पण सर्दी झाली की नाही हे सहभागी लोक स्वतःच नोंदवत होते आणि ज्याच्या ढेकरेला लसणाचा वास येतो त्याला आपण कोणत्या गटात आहोत हे ओळखायला कठीण जात नाही. लसणाच्या कोणत्याही चाचणीला हा पेच चुकत नाही.

धोक्यांबद्दल बाटल्या कमालीच्या मितभाषी आहेत. लसूण रक्तबिंबिकांच्या चिकटण्यात अडथळा आणतो, त्यामुळे रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांपैकी काहीही सुरू करू नये, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर किमान सात दिवस आधी ते थांबवण्याचा सल्ला भूलतज्ज्ञ देतात. एचआयव्हीवरील सॅक्विनाव्हिर या औषधासोबत लसणाच्या कॅप्सूल घेतल्यावर त्या औषधाचे रक्तातील एकूण प्रमाण निम्म्याने, ५१ टक्क्यांनी, घटल्याचे निरोगी स्वयंसेवकांवरील अभ्यासात दिसले होते. ‘नैसर्गिक आहे, म्हणून अपाय नाही’ ही जाहिरातीतली ओळ या एका आकड्यापुढे टिकत नाही. मी पाहिलेल्या बाटल्यांपैकी मोजक्याच बाटल्यांवर रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा इशारा होता आणि इतर औषधांवरील परिणामाचा उल्लेख कुठेही आढळला नाही. याबद्दल सर्वच उत्पादकांचे गुण कापावे लागतील. ठेचलेला कच्चा लसूण दुखऱ्या जागी बांधून ठेवण्याचा उपाय तर कुणीही करू नये. अ‍ॅलिसिन त्वचेला भाजते आणि अशा खऱ्याखुऱ्या भाजल्याच्या जखमांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा झालेली आहे.

वासाबद्दल तक्रार करणारे अभिप्राय मी पुष्कळ वाचले आहेत आणि त्यांच्याशी माझे जमत नाही. तोंड कितीही धुतले तरी जो वास उरतो तो तोंडातून येत नाही. अलाइल मिथाइल सल्फाइड रक्तातून फुप्फुसांत येऊन बाहेर पडत असते आणि पुढचे कित्येक तास पडत राहते. कच्चे सफरचंद किंवा पुदिन्याची पाने सोबत खाल्ली तर तो काहीसा दबतो. पण भुकटीची गोळी घेऊन श्वासाला अजिबात वास येत नसेल, तर ग्राहकाने आनंद मानण्याऐवजी उत्पादकाकडे खुलासा मागायला हवा.

माझा कौल असा आहे. ज्याला कच्चा लसूण सोसतो त्याला बाटलीची गरज नाही. मध्यम आकाराची एक पाकळी, म्हणजे सुमारे चार ग्रॅम, ही जर्मनीच्या ‘कमिशन ई’ या तज्ज्ञ मंडळाने सांगितलेली रोजची मात्रा आहे. ती ठेचून दहा मिनिटे तशीच राहू दिली आणि मग अन्नात घातली तर पुढे उष्णता लागूनही बरेच काही शिल्लक राहते. ज्याला कच्चा लसूण सोसत नाही पण त्याचीच रसायने हवी आहेत, त्याने आवरण नसलेली, लवकर फुटणारी, दर गोळीमागे प्रत्यक्ष सुटणाऱ्या अ‍ॅलिसिनचे मिलिग्रॅम सांगणारी भुकटीची गोळी निवडावी आणि ती जेवताना घ्यावी. पोट नाजूक असेल किंवा कामाच्या स्वरूपामुळे वास परवडणारा नसेल, तर एस-अलाइल सिस्टाइनचे प्रमाण दिलेला जुनवलेला अर्क घ्यावा, फक्त तो निराळी वस्तू आहे हे समजून. तेलाच्या कॅप्सूलला मी तिसरा क्रमांक देतो, तोही पाठीमागचा बारीक आकडा वाचल्यानंतरच. मुरवलेल्या तेलाला क्रमांक देत नाही.

भुकटीची बाटली घरी आणल्यावर तिच्यातली ओलावा शोषणारी पुडी फेकू नये आणि बाटली स्वयंपाकाच्या वाफेजवळ ठेवू नये, कारण पाण्याचा अंश लागला की अ‍ॅलिइन आणि विकर यांची गाठ पोटाऐवजी बाटलीतच पडते. झाकण उघडताच ताज्या ठेचलेल्या लसणाचा तीव्र भपका आला, गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या किंवा त्यांच्यावर पिवळट डाग पडलेले आढळले, तर मुदत संपायला कितीही अवकाश असला तरी ती बाटली परत करावी.